धाकट्याचा दाखला

बंगळूरच्या शिबिरातून फोन आला तेव्हा गुरुदास गावस मोपा विमानतळावरून आणलेल्या पाहुण्यांच्या बॅगा गाडीतून उतरवत होता. फोनवर फुटबॉल संघाचे व्यवस्थापक होते. आवाज शांत होता.

"तुमच्या मुलाच्या मनगटाचा एमआरआय झाला. हाडाची वाढ पूर्ण झालेली दिसते आहे. सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत असा खेळाडू चालत नाही, आशियाई महासंघाचा नियमच आहे. आम्ही कुणाला खोटं ठरवत नाही. काही मुलांची हाडं लवकर भरतात. पण त्याचं नाव यादीत घालता येणार नाही."

गुरुदासने बॅगा तशाच रस्त्यावर ठेवल्या आणि तो घरी आला. मोरजीच्या चर्चमागे दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. त्याची बायको संजना नुकतीच हॉटेलच्या लाँड्रीतून परतली होती. दिवसभर चादरी पिळून तिच्या बोटांची कातडी पांढरी पडलेली असायची.

"बाबूक परत धाडतत," तो म्हणाला.

"लागला काय तेका?"

"नाय. हाडां बघली तेची."

संजना उंबऱ्यावरच बसली. पुढे काही विचारायची तिला गरज नव्हती. सात वर्षांपूर्वी गुरुदासने तो कागद कपाटातून काढला, त्याच दिवसापासून तिला हे कधीतरी होणार असं वाटत होतं. कसं होईल, एवढंच ठाऊक नव्हतं.

मोरजीत त्यांच्या मुलाला सगळे श्रीनाथ म्हणत. शाळेच्या पटावर श्रीनाथ, दहावीच्या गुणपत्रिकेवर श्रीनाथ, तिठ्यावर लावलेल्या मोठ्या फलकावरही श्रीनाथ: 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' कागदावर तो सोळा वर्षांचा होता. खरं तर तो अठराचा होता आणि त्याचं नाव गौरेश होतं. श्रीनाथ हा त्याचा धाकटा भाऊ. तो चार महिन्यांचा असताना तापाने गेला होता.

तेव्हा ते डिचोलीत, शिरगावला राहत. गुरुदास खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवायचा. धाकट्याचं बारसं झालं आणि गुरुदास हौसेने पंचायतीत जाऊन जन्माचा दाखला घेऊन आला होता. मग चार महिन्यांनी ते पोर दोन दिवस तापलं, आणि म्हापशाच्या इस्पितळाच्या वाटेवरच संजनाच्या मांडीवर गार झालं. तान्ह्याला जाळत नाहीत. गुरुदास आणि त्याच्या भावाने त्याला काजूच्या बागेच्या कडेला पुरलं. मृत्यूची नोंद करायला कुणी गेलं नाही. कशाला जायचं, असंच सगळ्यांना वाटलं.

पुढे खाणी बंद पडल्या. गुरुदास बायको-मुलाला घेऊन किनाऱ्यावर आला आणि हॉटेलवाल्यांची गाडी चालवू लागला. गौरेश तेव्हा अकराचा होता, फुटबॉल चांगला खेळायचा. मोरजीच्या मैदानावर मुलांना शिकवणारे महादेव सर त्याला पंधरा दिवस बघत राहिले. मग एका सकाळी त्यांनी गुरुदासला बाजूला घेतलं.

"पोरात दम आहे. पण अकराच्या मुलांत तो एकटा नाही. नऊच्या मुलांत मात्र त्याच्यासारखा गोव्यात कोणी नसेल. सगळे असंच करतात. कागदाचं काय ते तुम्ही बघा."

गुरुदासने बघितलं. घरात श्रीनाथच्या नावाचा सरकारी शिक्क्याचा दाखला होता, आणि सरकारच्या लेखी श्रीनाथ अजून जिवंत होता. नव्या गावात कोणी ओळखत नव्हतं. सहावीत जायचा मुलगा चौथीत बसला. शिरगावच्या नातेवाइकांना सांगितलं, ज्योतिषाने नाव बदलायला लावलं. पुढचे सगळे कागद त्या एका कागदावरून झाले.

संजना त्या रात्री भांडली होती. "मेलेल्या पोराचा नाव जित्या पोराक?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. गुरुदासने तिला समजावलं, मग दटावलं, मग दोन दिवस जेवला नाही. शेवटी ती गप्प झाली. पण त्या नावाने तिने मुलाला कधी हाक मारली नाही. गौरेश म्हणायची सोय राहिली नव्हती. ती त्याला बाबू म्हणू लागली.

फोननंतर चौथ्या दिवशी गौरेश शिबिरातून परतला. म्हापशाच्या बसस्टँडवर गुरुदास गाडी घेऊन उभा होता. मुलाने भारताच्या संघाचा निळा टी-शर्ट उलटा करून घातला होता, शिवण बाहेर. वाटेत गुरुदास बोलत राहिला. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हाडं लवकर भरतात असं डॉक्टरच म्हणाले, आपण काही कबूल करायचं नाही, आता क्लबच्या मोठ्या संघातून खेळायचं, तिथे वयाचा प्रश्न नाही. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

स्पर्धा ठरल्याप्रमाणे सुरू झाली. गटात चार संघ होते. पहिला येणारा एकच संघ आशियाई चषकाला जाणार होता, आणि तिथून विश्वचषकाची वाट होती. मोरजीच्या क्लबात मोठ्या पडद्यावर सामने दाखवत होते, पण गौरेश घरातच मोबाईलवर बघायचा. संजना शेजारी बसायची. तिला खेळातलं फारसं कळत नव्हतं. मुलगा कधी श्वास रोखून धरतो, ते मात्र कळायचं.

पहिला सामना भारताने जिंकला, दुसरा बरोबरीत सुटला. तिसऱ्यात नुसती बरोबरी पुरेशी होती. समोर मध्य आशियातल्या एका देशाचा संघ होता, उंच, रुंद खांद्यांची मुलं. सामना संपायला सहा मिनिटं असताना त्यांना कॉर्नर मिळाला. त्यांचा नऊ नंबरचा पोरगा मागून धावत आला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. त्याच्यावर लक्ष ठेवणारा भारताचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, जागेवरच उभा राहिला होता. ती जागा गौरेशची होती. शिबिरात महिनाभर त्याने तोच सराव केला होता.

भारत बाहेर पडला. पडद्यावर तो स्टॉपर गुडघ्यांवर बसून रडत होता. गौरेशने मोबाईल पालथा ठेवला आणि तो मागच्या दारी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून लोक घरी यायला लागले. दुःख करायला येत, पण बसले की चिडत. आपला श्रीनाथ असता तर तो गोल झाला असता काय? मशीन चुकत नाही काय? गोव्याच्या पोराला मुद्दाम बाहेर काढलं. क्लबचे सचिव रामचंद्र निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी या मुलाला स्वतःच्या खर्चाने बूट घेऊन दिले होते. तेच सगळ्यांत जास्त दुखावले होते. त्यांनी रविवारी चार वाजता देवळाच्या मांडवात निषेध सभा ठेवली.

"पेपरवाले येतले," ते गुरुदासला म्हणाले. "पोराचो जन्मदाखलो घेऊन ये. सगळ्यांसमोर दाखवया. मगे बघू कोण काय बोलता."

गुरुदासला नाही म्हणता आलं नाही. दोन दिवसांनी तर त्याच्या तोंडून आपणहून 'अन्याय' हा शब्द येऊ लागला. संजना त्याच्याकडे बघत राहायची. हा माणूस खोटं बोलतोय की त्याला आता हेच खरं वाटतंय, तिला कळेना.

शनिवारी संध्याकाळी गौरेश तिला न्यायला लाँड्रीवर आला. दोघं किनाऱ्याने चालत निघाली. कासवांच्या अंड्यांसाठी दोऱ्या बांधून राखलेली जागा ओलांडल्यावर तो थांबला.

"आई, प्रज्योत आठवता तुका?"

तिला आठवला. डिचोलीकडच्या नार्वे गावचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी राज्याच्या संघाच्या निवडीत त्याचा पाय मोडला होता. नळीचं हाड दोन ठिकाणी. आत सळी घालावी लागली. संजनाने तेव्हा देवाला नारळ ठेवला होता, आपल्या मुलाला काही झालं नाही म्हणून.

"तो माज्या जागेवर खेळायचो. स्टॉपर. दोघांतलो एकच घेतलो असतो. बॉल दोघांच्या मधी होतो. मी अंग टाकलंय. रेफ्रीन फाऊलय दिल्यान नाय."

"खेळात होता तसा, बाबू."

"तो चौदाचो होतो, आई. मी सोळाचो. माज्या खांद्याक लागा नाय तो." तो वाळूत बसला. "हाड मोडल्याचो आवाज माका अजून येता. सगळे माका म्हणाले, काय ताकद रे तुजी. माका ठाऊक होता ती कसली ताकद ती."

संजना त्याच्या शेजारी बसली.

"मशीनीत हात घालून पडलंय ना, तेव्हा माका बरा वाटला. वाटला, आता हे लोक सांगतले. म्हणतले, तू खोटो. तर तेनी नुसताच सांगल्यानी, नियम असा." त्याने पायांवरची वाळू झटकली. "माका नार्व्याक जावचा असा. तू येशीत?"

"येतंय," ती म्हणाली. "पण उद्याची सभा होऊ दे. मगे जावया."

असं ती का म्हणाली, हे पुढे तिने स्वतःला कितीदा विचारलं. भीती होती, एवढंच.

रविवारी मांडव भरला. व्यासपीठावर रामचंद्र, महादेव सर, गुरुदास आणि मधोमध गौरेश. त्याच्या गळ्यात हार घातला होता. संजना बायकांत, तिसऱ्या रांगेत बसली होती. रामचंद्र बोलले. महादेव सर थोडक्यात बोलले: गुणी मुलगा, कष्टाळू मुलगा. मग गुरुदास उठला. त्याने पिशवीतून दाखला काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. पेपरवाल्यांनी मोबाईल वर केले.

"हो बघा दाखलो! सरकारी शिक्को! माझो श्रीनाथ ह्याच तारखेक जन्मलो. देवळात उभो रवान सांगतंय. ह्यो खोटो असात तर माका..."

इतक्या वर्षांत संजनाने तो कागद पाहिला नव्हता. आता तो जुना पिवळा कागद प्लॅस्टिकमध्ये चकाकत होता. घरी आणला त्या दिवशी गुरुदासने तो पाळण्यात, बाळाच्या उशाशी ठेवला होता आणि बाळाने मूठ झाडून त्याचा कोपरा दुमडला होता. ती उभी राहिली, ते तिला पायांवर भार आल्यावर कळलं.

"तो खाली ठेवा," ती म्हणाली.

जवळच्या बायकांनी तिचा पदर ओढला. ती व्यासपीठाकडे चालू लागली.

"खाली ठेवा तो. तो माज्या धाकट्याचो कागद. तो मेलो. चार म्हयन्यांचो होतो. ह्यो बसलो तो गौरेश. माझो थोरलो."

मागे पंखा गरगरत होता. गुरुदासने हात खाली घेतले आणि तो माईकमध्ये हसल्यासारखं करून म्हणाला, "तिका बरा नाय. चार दिस जेवली नाय, त्यामुळे..."

रामचंद्रांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते मुलाकडे वळले. "काय रे श्रीनाथ? काय म्हणता तुजी आई?"

गौरेशने हार काढून खुर्चीवर ठेवला. "आई खरा सांगता."

रामचंद्र हळूच खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनीच हात लांब करून माईक बंद केला. मग एकदम गलका झाला. कोणी हसलं, कोणी शिवी दिली. संजनाच्या बाजूने उठून जाणाऱ्या बायकांच्या साड्या तिच्या अंगाला घासत होत्या. महादेव सर पेपरवाल्यांना सांगत होते, "आम्ही कागद बघतो हो. कागदच खोटे आणून दिले तर आम्ही काय करणार?" गुरुदास त्यांच्याकडे बघत उभा होता.

घरी तो गाडीतून उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. संजना जवळ गेली तेव्हा समोर बघतच म्हणाला, "तेचा आयुष्य संपवलंस तू. तेका देशाची जर्सी मिळाल्ली."

"माका तेच्यासाठी रडूकय देवक नाय तुमी," संजना म्हणाली. "रोज तेचा नाव. शाळेत तेचा नाव, पेपरात तेचा नाव. मी रडू कसा? जितो होतो तो, तुमच्या कागदार."

गुरुदासने गाडी चालू केली आणि तो शिरगावला भावाकडे निघून गेला. तिठ्यावरचा फलक दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला नाही.

बुधवारी आई आणि मुलगा बसने डिचोलीला गेली, तिथून नार्व्याला. प्रज्योतचं घर नदीच्या काठाला होतं, पुढे मिरच्यांचा मळा. त्याची आई सुमंगला मिरच्या तोडत होती. तिने दोघांना ओळखलं. पेपरात फोटो आला होता. तिने टोपली खाली ठेवली, पण 'या' म्हणाली नाही.

प्रज्योत पडवीत बसला होता. उठून आला तेव्हा उजवा पाय किंचित ओढत होता. अंगाने तो आता गौरेशएवढाच झाला होता.

गौरेशने सगळं सांगितलं. अंगणात उभ्यानेच, एकदाही न थांबता: नाव, वय, दाखला, आणि तो चेंडू. शेवटी म्हणाला, "तो बॉल बरोबरीचो नव्हतो. माका ठाऊक होता."

प्रज्योतने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माका वाटायचा मी उशिरा पोचलंय. दोन वर्सां मी त्याच विचारात. अर्धो सेकंद आदी निघालंय असतंय तर वाचलंय असतंय."

"तू बरोबर येळार इल्लंस."

"पात्रतेचे तिनय मॅच बघलंय मी," प्रज्योत अचानक म्हणाला. "त्या कॉर्नरार तेंच्या नऊ नंबराक कोणी सोडलो?"

"तो मागसून धावत येता. आमका व्हिडिओ दाखवल्लो. तेच्या आंगार हात ठेवूक होयो होतो, बॉलाकडे बघूचा नाय. त्या पोरान बॉल बघल्यान."

"मीय हात ठेवलंय असतंय."

"पहिल्या खांबाकडे ढकलूचो तेका..."

"पुरे," सुमंगला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती संजनाकडे वळली. "बाय, तुमी इलात, सांगलात. आता तुमका हलका वाटतला. माज्या पोराचो पाय होतो तसोच असा. थंडयेत रडता तो, पाय दुखता म्हणान. तुमचो निदान धावता." तिने टोपली उचलली. "माफी बिफी हय ठेवू नकात. जावा आता, बस चुकतली."

संजनाने हात जोडले. सुमंगलाने जोडले नाहीत. फाटकापर्यंत प्रज्योत त्यांच्याबरोबर आला, आणि तिथून परत फिरला. बसमध्ये गौरेश पूर्ण वाटभर डोकं पुढच्या सीटला टेकवून बसला होता. मागलं सगळं बोलून टाकल्यावर मुलाला बरं वाटेल, अशी संजनाची समजूत होती. तसं काही दिसलं नाही.

पुढचं सगळं कचेऱ्यांमध्ये झालं. भारतीय फुटबॉल महासंघाने गौरेशवर दोन वर्षांची बंदी घातली. पोलिसांत गुरुदासवर गुन्हा नोंदला गेला. महादेव सरांचं नाव गुरुदासने जबाबात सांगितलं, पण त्याला साक्षीदार नव्हता. ते अजून मैदानावर मुलांना शिकवतात. रामचंद्र आता त्या बाजूने फिरायला जात नाहीत.

धाकट्याच्या मृत्यूची नोंद करायला संजनाने सहा महिने हेलपाटे घातले. इतक्या उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, आणि पुरताना पाहिलेला माणूस लागतो. ठरलेल्या दिवशी गुरुदास आला. दाढी वाढली होती, खिशात पेन नव्हतं. कारकुनाचं पेन घेऊन त्याने सही केली. कारकुनाने विचारलं, मृताचं वय? दोघंही एकदम म्हणाली, "चार महिने." मग गुरुदास बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. संजना त्याच्या मागे जाऊन थांबली. त्याच्या पाठीला हात लावावा की नाही, हे तिला ठरवता येईना. पाच वाजता कचेरी बंद झाली तेव्हा दोघं वेगवेगळ्या बसने गेली.

श्रीनाथच्या नावावरची दहावी रद्द झाली होती. गौरेशला नव्याने, बाहेरून परीक्षेला बसायचं होतं. जूनमध्ये संजना त्याच्याबरोबर म्हापशाच्या केंद्रावर गेली. खिडकीतली बाई मायाळू होती. तिने अर्ज पुढे ओढून घेतला.

"पूर्ण नाव?"

"गौरेश गुरुदास गावस."

"शेवटचा पास केलेला वर्ग?"

"पाचवी."

बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या उंचीकडे, खांद्यांकडे. "पाचवी? मग मधली सात वर्षं काय केलं, बाळा? कामाला होतास?"

गौरेशने आईकडे पाहिलं. संजनाने सांगायला तोंड उघडलं, पण त्याने मान हलवून तिला थांबवलं. त्याच्या मागे रांग वाढत होती.

"खेळत होतो," तो म्हणाला.

बाईने तो रकाना रिकामाच ठेवला आणि सहीची जागा दाखवली.